कोबी मोहिमेतल्या घंटा

युद्ध रणांगणावर जिंकलं जात नाही, ते नकाशावर जिंकलं जातं. ब्रिगेडियर जनरल थर्लो पेनिमन हे वाक्य रोज सकाळी हात मागे बांधून, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणत. त्या नकाशावर बेटाचा फक्त दक्षिणेकडचा अर्धा भाग होता. उत्तरेकडे बारमाही धुकं असल्यामुळे नकाशा काढणाऱ्याने तिथे प्रामाणिकपणे काहीच काढलं नव्हतं.

बेटाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते उच्चारायला कठीण होतं आणि त्या ऑफिसात ते उच्चारायची बंदीही होती. अलास्काला शेपूट फुटावं तशी बेटांची एक ओळ पॅसिफिकमध्ये लांबवर जाते, तिच्यातलं ते एक. जपान्यांनी ते आदल्या वर्षी घेतलं होतं. दगड, गवत आणि वारा यांपलीकडे तिथे काही नव्हतं. पण अमेरिकेची जमीन म्हटल्यावर ती परत घेणं आलंच. म्हणून त्रेचाळीस सालच्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या त्या तात्पुरत्या लाकडी इमारतीत तो अर्धा नकाशा टांगला गेला आणि मोहिमेला गुप्त नाव मिळालं: 'कोबी'. ही नावं वरून ओळीने येत, त्यात निवडीला वाव नसे. आधीच्या मोहिमेचं नाव 'गरुड' होतं आणि ती रद्द झाली होती.

गुप्ततेची जबाबदारी असलेल्या कॅप्टनने पहिल्याच आठवड्यात खाणावळीच्या फळ्यावरून 'कोबी' हा शब्द पुसायला लावला. दुसऱ्या दिवसापासून तिथे 'एक पालेभाजी' असं लिहून येऊ लागलं. संध्याकाळपर्यंत टायपिस्ट मुलींपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की कोबी नावाचं काहीतरी मोठं चाललंय.

या मोहिमेच्या आराखड्याचं काम लेफ्टनंट कर्नल आर्व्हिड एकलंडकडे होतं. युद्धाआधी तो नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. नेब्रास्कातून समुद्र कोणत्याही दिशेला गेलं तरी सारखाच लांब. पण तरुणपणी त्याने उत्तर पॅसिफिकच्या धुक्यावर एक निबंध लिहिला होता, तिकडे कधीही न जाता. तो निबंध त्याच्यासकट चार जणांनी वाचला असावा. त्यातला एक पुढे सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, हे आर्व्हिडचं प्रारब्ध.

पहिल्या लाटेत कोणत्या पलटणी उतरवायच्या हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. वरून ठरून आलेलं आराखड्यात बसवायचं, एवढंच. जूनच्या शेवटी ते ठरून आलं. उत्तरेच्या किनाऱ्यावर, म्हणजे नकाशात जिथे काहीच नव्हतं तिथे, सगळ्यांत आधी उतरणाऱ्या पलटणीचा नंबर त्याला ओळखीचा वाटला. घरी येणाऱ्या पत्रांच्या पाठीवर असाच नंबर असे. त्याने चष्मा पुसला आणि परत बघितलं. असाच नव्हता, तोच होता. त्याचा एकुलता मुलगा नेल्स त्या पलटणीत होता.

त्या दिवशी संध्याकाळी तो घरी गेला आणि काही बोलला नाही. बोलायची परवानगीही नव्हती.

एकलंड नवरा-बायको एका विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. घरात उकडून जीव जायचा. मागच्या परसात हिल्माने युद्धकाळातल्या प्रत्येक देशभक्त बाईप्रमाणे भाजी लावली होती. जेवणाच्या वेळी ती मागच्या दारात उभी राहून तिच्या माहेरच्या गाईची जुनी घंटा वाजवायची. नेब्रास्कात असताना याच घंटेने तिने नेल्सला मक्याच्या शेतातून जेवायला हाकारलं होतं. तो वीस वर्षांचा होऊन सैन्यात गेला, घंटा वॉशिंग्टनला आली आणि आता ती ऐकून नवरा परसातून वर यायचा.

"नेल्सला मोजे विणायला घेते म्हणते," हिल्मा बटाटे वाढता वाढता म्हणाली. "लोकरीचे विणू का सुती?"

"वीण कुठलेही."

"कुठलेही कसे? उकाड्यात असला तर लोकरीने पाय भाजतील. थंडीत असला तर सुतीने गारठतील. तू त्या ऑफिसात बसतोस. काही कानावर येत असेलच की."

"हिल्मा, मला सांगता येत नाही."

"मी कुठे विचारलं तो कुठे आहे? मी मोजे विचारले."

"मोजे विचारलेस म्हणजे तेच विचारलंस."

खिडकीचा पडदासुद्धा हलत नव्हता. आर्व्हिड ताटाकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याने शर्टाची कॉलर वर ओढून मानेशी घट्ट धरली, अंगावर वारा यावा तशी. त्याचं त्यालाही कळलं नाही.

"लोकरीचे विणते," हिल्मा म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली.

बेटाचे फोटो विमानांतून येत. धुक्याला भोक पडलं की विमान घुसायचं आणि मिळेल ते टिपून आणायचं. मे महिन्यातल्या फोटोंत चुलींचा धूर होता, दोऱ्यांवर कपडे वाळत होते, माणसं मुंग्यांसारखी इकडून तिकडे जात होती. नंतर बराच काळ भोक पडलं नाही. जुलैत पडलं तेव्हा धूर नव्हता, कपडे नव्हते, मुंग्या नव्हत्या. भूगोलाच्या मास्तराला भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली. ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर गवत आलं होतं.

त्याने सकाळच्या बैठकीत विषय काढला.

"साहेब, सगळ्या नव्या फोटोंत कुठेच धूर नाही."

"असणारच नाही," जनरल पेनिमन म्हणाले. "लपवतायत."

"स्वयंपाकाचासुद्धा नाही."

"थंड खात असतील. फार शिस्तीचे लोक आहेत, कर्नल."

"हा एक ट्रक आहे साहेब, पुढचं चाक खड्ड्यात. प्रत्येक फोटोत तसाच आहे."

"मुद्दाम ठेवलाय. आपल्याला वाटावं, तिथे कोणी नाही."

"आणि तिथे खरंच कोणी नसलं तर?"

भर चर्चमध्ये कोणी मोठ्याने ढेकर द्यावा तसं सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. एक कॅप्टन उगाच पेन्सिलीला टोक करू लागला.

"कर्नल एकलंड," जनरल फार मायेने म्हणाले, "या मोहिमेसाठी आपण अर्ध्या पॅसिफिकमधली जहाजं गोळा करतो आहोत. शत्रू नसलेल्या जागी सैन्य उतरवण्याची एकही योजना या इमारतीतून आजवर बाहेर पडलेली नाही. ती पहिली माझ्या सहीने जावी अशी तुमची इच्छा आहे का?"

तशी आर्व्हिडची इच्छा नव्हती. बैठक संपली.

शेजारच्या टेबलावरचा मेजर डूली त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. डूली बॉस्टनचा, जहाजांत माल कसा भरायचा याची आखणी त्याच्याकडे होती. वाईट बातमी हसत आणि चांगली बातमी कुजबुजत सांगायची त्याला खोड होती.

"अरे बाबा, लग्नघरात जाऊन नवरी पळाली का असं विचारतात होय?" डूली म्हणाला. "आणि समज, नसले जपानी. तुझं काय बिघडलं? पोरगा जाईल, चार दगड बघेल, परत येईल. पेढे वाटायचे सोडून तोंड कसलं पाडतोस?"

नेल्स कुठल्या पलटणीत आहे ते आर्व्हिडने त्याला सांगितलेलं नव्हतं. बहुधा त्याच्या तोंडावर लिहिलेलं असावं.

"आराखडा आठव," आर्व्हिड म्हणाला. "अर्धी माणसं उत्तरेकडून चढणार, अर्धी दक्षिणेकडून. मधल्या डोंगराच्या धारेवर दोघांची गाठ पडणार. वर धुकं असं, की माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. आणि सगळ्यांना आपण काय सांगितलंय? शत्रू धारेवर लपलाय, आवाज करत नाही, फार लबाड आहे. आता धुक्यात समोर एक आकृती हलली. तू काय करशील?"

डूलीचं हसू हळूहळू उतरलं.

"परवलीचा शब्द आहे ना?"

"त्या वाऱ्यात शेजारी ओरडलेला शब्द कळत नाही. मी निबंधात लिहिलंय."

"तुझा निबंध कोण वाचणार." डूलीने सिगारेट विझवली. "म्हणजे शत्रू असला तर धोका आहेच. आणि नसला तर..."

"नसला तर आपण आहोत."

आर्व्हिडने सरळ मार्गाने जाऊन बघितलं. बेट रिकामं असल्यास आपल्याच दोन तुकड्यांना एकमेकींची ओळख पटावी अशी काही खूण द्यावी, असा चार ओळींचा मजकूर त्याने वर पाठवला. तो दुपारीच परत आला. वर जनरलसाहेबांच्या अक्षरात शेरा होता: 'ओळख शत्रूची पटवायची आहे.'

त्या रविवारी सकाळपासून पाऊस ओतत होता. कोबीच्या वाफ्यात पाणी तुंबलं म्हणून आर्व्हिड फावडं घेऊन परसाच्या पार टोकाला गेला. पावसाच्या पडद्याआड घर दिसेनासं झालं. मागच्या दारातून हिल्मा काहीतरी ओरडत असावी. नुसता आवाज येत होता, शब्द नव्हता. मग घंटा वाजली. टणक, टणक, टणक. हिल्माचा हात, मागचं दार, जेवण तयार; शंकेला जागाच नाही. आर्व्हिड फावडं टेकून तसाच भिजत उभा राहिला. वर गेला तेव्हा बटाटे गार झाले होते.

"बहिरा झालास का?" हिल्मा म्हणाली. "मघापासून वाजवतेय."

"ऐकू आलं," तो म्हणाला. "फार छान ऐकू आलं."

हिल्माने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

घंटा सुचणं सोपं होतं. त्या इमारतीतून ती बाहेर काढणं, म्हणजे मांजराच्या गळ्यात बांधण्यापेक्षा अवघड. पण इतक्या महिन्यांत आर्व्हिडला तिथली रीत कळली होती. शत्रू नाही असं धरून तिथे टाचणीसुद्धा मंजूर होत नसे. शत्रू लबाड आहे म्हटलं की मात्र काहीही मंजूर होई. सोमवारी त्याने नवा मजकूर लिहिला. मथळा दिला: 'शत्रूच्या अतिलबाडीवर उपाय'. त्यात म्हटलं की शत्रू इतका लबाड आहे, की तो आपले गणवेश घालील, आपला परवलीचा शब्द शिकेल आणि धुक्यात आपलाच म्हणून आपल्यासमोर येईल. यावर उपाय म्हणजे त्याला नक्कल करता येणार नाही अशी खूण. प्रत्येक तुकडीला गाईच्या गळ्यातल्या घंटा द्याव्यात, आणि धार जवळ आली की त्या वाजवाव्यात. शत्रूपाशी गाई नाहीत.

जनरलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि त्याला बोलावणं पाठवलं.

"त्यांच्यापाशी गाई नाहीत?"

"बेटावर एकही नाही, साहेब. गवत भरपूर आहे, पण गाय नाही."

"हे मला आजवर कोणी सांगितलं नाही."

"विषय निघाला नाही, साहेब."

जनरल खिडकीपाशी गेले. हात मागे बांधले. "पण कर्नल, घंटा वाजली की आपण कुठे आहोत ते शत्रूला कळणार."

या प्रश्नासाठी आर्व्हिड रात्रभर जागला होता.

"कळणार, साहेब. तोच तर डाव आहे. तो गप्प आहे, तर आपण काय म्हणतो? एवढी शांतता म्हणजे नक्की लबाडी. आपण चहूबाजूंनी घंटा बडवत गेलो, तर तो काय म्हणेल?"

"एवढा गोंगाट म्हणजे नक्की लबाडी," जनरल सावकाश म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "तो गोंधळणार. बाहेरच येणार नाही. एकलंड, खरं सांगू? हे काही दिवस माझ्या मनात घोळतच होतं."

"मला अंदाज होता, साहेब. म्हणूनच लिहिलं."

मंजुरी जेवणाच्या सुट्टीआधी आली. मग मागणी पुरवठा खात्यात गेली आणि तिथे रुतली. गाईच्या घंटांचा छापील मागणी-अर्ज पशुविभागाचा होता आणि त्यात 'गाई किती?' हा रकाना भरल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. आर्व्हिड आठवडाभर फोन करत राहिला. 'गाई नाहीत' म्हटलं की पलीकडचा माणूस विचारी, मग घंटा कोणाला? शेवटी डूलीने अर्ज ओढून घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'मागाहून येतील'. घंटा सुटल्या. त्यांच्यामागोमाग एका पशुवैद्याची मोहिमेवर नेमणूकही झाली. ती कोणी केली ते कधीच कळलं नाही.

विस्कॉन्सिनच्या एका कारखान्यातून घंटा आगगाडीने निघाल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराच्या वाटेवर कुठेतरी नाहीशा झाल्या. जहाजं भरत आली होती. नेल्सची पलटण चढली होती. आर्व्हिडला जेवण जाईना. हिल्मा काही विचारत नव्हती. तिचा एक मोजा पुरा झाला होता, दुसरा टाचेपर्यंत आला होता, आणि ती झपाझप विणत होती, जणू तिलाही कोणी निघण्याची तारीख सांगितली होती.

"पोचल्या," एका सकाळी डूली त्याच्या कानाशी कुजबुजला. त्यावरून आर्व्हिडने ओळखलं की बातमी चांगली आहे. "जहाजाची शिडी काढता काढता चढवल्या. बंदरावरचा कर्नल मला फोनवर आईबहिणीवरून बोलला."

"शेवटी चढवल्या? म्हणजे सगळ्या मालाच्या मागे राहिल्या?"

"अरे मास्तरा, जहाज म्हणजे काय वर्ग आहे, उशिरा आला तो मागच्या बाकावर? शेवटी चढतं ते वर राहतं. वर राहतं ते आधी उतरतं. दोन महिने जीव काढून मी तोफा सगळ्यांत वर रचल्या होत्या. आता त्यांच्या डोक्यावर तुझ्या घंटा बसल्यात. जगातल्या कुठल्याच सैन्याने किनाऱ्यावर पहिल्यांदा हे उतरवलं नसेल."

ऑगस्टच्या मध्यावर सैन्य उतरलं. त्या दिवशी ऑफिसात सगळे तारेची वाट बघत बसले. जनरलसाहेबसुद्धा नकाशाचं वाक्य विसरले. दुसऱ्या दिवशीही तार नाही. हिल्माने संध्याकाळी न विचारता त्याच्या ताटात कमी वाढलं आणि त्याने तेही टाकलं.

तिसऱ्या दिवशी तार आली. जनरलसाहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचली. दोन्ही तुकड्या धारेवर एकत्र. बेट ताब्यात. शत्रू आढळला नाही. जखमी: एक, पशुवैद्य, बोटीतून उतरताना घोटा मुरगळला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शत्रू नसताना टाळ्या वाजवाव्यात की नाही याचा नियम नव्हता. आर्व्हिड बाहेर व्हरांड्यात गेला आणि पायरीवर बसला. डूली येऊन शेजारी बसला.

"पेढे," डूली म्हणाला.

"आणतो," आर्व्हिड म्हणाला.

नेल्सचं पत्र सप्टेंबरात आलं. सेन्सॉरने कातरी चालवून त्याची जाळी केली होती, पण उरलेलं हिल्माने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं.

'आई, मोजे मिळाले. कुठे घातले ते सांगता येत नाही, पण अजून काढलेले नाहीत. एका डोंगरावर आम्ही चढत होतो. धुकं असलं की हाताला हात दिसेना. आमची बोटं चापावर, आणि समोर काहीतरी हललं. आमच्या सार्जंटने नेमसुद्धा धरला. आणि तेवढ्यात समोरून टणक, टणक. आई, खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं हे आलं, की ताट वाढलंय आणि मी अजून हात धुतलेले नाहीत. आम्ही आमची वाजवली. पलीकडून कोणीतरी ओरडलं, अरे, ही कोणाची गाय सुटली? मग दोन्हीकडून जे हसायला लागले ते थांबेचनात. सार्जंट खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. तो हसत नव्हता. ही घंटांची कल्पना कोणाची ते आम्हाला ठाऊक नाही. पण आमच्या पलटणीचं म्हणणं आहे, की तो माणूस शेतकरी असणार.'

हिल्माने पत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

"कोणाची रे कल्पना?"

"जनरल पेनिमनसाहेबांची," आर्व्हिड म्हणाला. कागदोपत्री ते खरं होतं.

हिल्माने मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या घंटेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मोठा माणूस दिसतो."

"आहेच."

"त्यांना एखादा कोबी घेऊन जा उद्या. परसात उगीच फुटून चाललेत."

"कोबी नको," आर्व्हिड घाईने म्हणाला. "तिथे चालत नाही."

मग तो जेवला. दोनदा मागून घेऊन जेवला.

जनरलसाहेबांनी मोहिमेचा अहवाल स्वतः लिहिला. घंटांच्या अनपेक्षित वापराने शत्रूचं मनोधैर्य इतकं खचलं की त्याने एकही गोळी न झाडता बेट सोडलं, असा त्यात निष्कर्ष होता. त्यांना पदक मिळालं. धुक्यातल्या पुढच्या सगळ्या मोहिमांसाठी घंटांची शिफारस झाली, आणि अहवालाची प्रत पशुविभागालाही गेली.

युद्ध संपल्यावर जपानी कागदपत्रं हाती आली. त्यांवरून कळलं, की शत्रू ते बेट सोडून गेला होता तो नकाशा भिंतीवर टांगला त्याच्या आदल्या दिवशी.